निळा दिवा: न तापणाऱ्या गाडीचं प्रकरण

डिसेंबरचा मध्य, नाशकात सकाळी स्वेटरवर मफलर चढवायचे दिवस. एक निवृत्त काका गाडी घेऊन गॅरेजला आले. गाडी २०१४ची, १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक, ६२ हजार किलोमीटर चाललेली, बाहेरून बसवलेलं सीक्वेन्शियल सीएनजी किट. काकांच्या हातात दुसऱ्या एका गॅरेजचं एस्टिमेट होतं: हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील), हेड फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं), ऑइल, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव), मजुरी, सगळं मिळून २४,५०० रुपये. "ऑपरेशन सांगितलंय, म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे आलो," म्हणाले.

एस्टिमेटचं कारण ऑइल भरायच्या झाकणाखाली होतं. झाकण फिरवून काढलं तर आत दुधाळ चहाच्या रंगाची, बोटाला चिकटणारी साय. व्हॉल्व्ह कव्हरच्या तोंडाशीही तीच. हेड गॅस्केट गेलं की कूलंट ऑइलमध्ये शिरतं आणि घुसळून नेमकी अशीच साय तयार होते. तेव्हा झाकण बघून ज्याला गॅस्केट आठवलं त्याला मी नावं ठेवणार नाही. तो झाकणाशीच थांबला, एवढंच.

मी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढली. कूलंट खरोखर ऑइलमध्ये उतरलं असतं तर तिथंही दुधाळ दिसलं असतं. डिपस्टिकवरचं ऑइल मात्र नेहमीचं काळपट तपकिरी. पण दोन गोष्टी खटकल्या. एक, पातळी वरच्या खुणेच्याही वर, चांगली पाऊण सेंटिमीटर. दोन, नाकाशी नेली तर पेट्रोलचा वास. काका खुशीत म्हणाले, "बघ, ऑइल पितच नाही गाडी. सहा महिन्यांत उलट वाढलंय." ऑइल आपोआप कधी वाढत नाही. वाढलं म्हणजे त्यात दुसरं काहीतरी मिसळतंय.

गॅस्केटचा संशय फेडून घ्यायला बाकीच्या तपासण्या केल्या. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते, १७० ते १७५ पीएसआयच्या दरम्यान, म्हणजे एकसारखं. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून रेस दिली, बुडबुडे नाहीत. पाण्यावर तेलाचा तवंग नाही. कूलंटची बाटली महिनाभर एकाच खुणेवर असल्याचं काकांनी सांगितलं. फक्त त्या बाटलीत हिरवं-गुलाबी काही नव्हतंच, गंजाच्या रंगाचं साधं पाणी होतं. ते मी मनात नोंदवून ठेवलं. गॅस्केट निर्दोष सुटलं.

स्पार्क प्लग काढले तर चारही काजळी धरलेले. सीएनजीच्या गाडीचे प्लग सहसा कोरडे, फिकट निघतात. मग ही काजळी आणि ऑइलमधलं पेट्रोल आलं कुठून? काकांना खोदून विचारल्यावर एकेक गोष्ट बाहेर आली. गॅसची गाडी असून महिन्याला आठ-नऊ लिटर पेट्रोल लागतं, पूर्वी दोन लिटर पुरायचं. काकूंची तक्रार की हीटर लावला तर कोमटच हवा येते. आणि तिसरी गोष्ट काकांच्या मते अगदी किरकोळ: "तो निळा दिवा आहे ना, तो गावात विझतो आणि हायवेला परत लागतो. वायरिंग लूज असेल."

या गाडीला टेम्परेचरचा काटा नाही, नुसते दोन दिवे. इंजिन थंड असेल तर निळा, जास्त तापलं तर लाल. दोन्हीच्या मधल्या सगळ्या मुलखात अंधार. पुष्कळ गाड्यांत काटा असतो, पण तोही फार प्रामाणिक नसतो. ७५ अंश असोत की १०० असोत, काटा मधोमध ठेवायचा अशी व्यवस्था कंपन्या मुद्दाम करतात, कारण काटा जरा हलला की लोक घाबरून सर्व्हिस सेंटर गाठतात.

इथे मी चूक केली, तीही सांगतो. चालत्या गाडीत निळा दिवा लागतोय म्हटल्यावर माझं डोकं थेट कूलंट टेम्परेचर सेन्सरकडे गेलं. सेन्सर थंडीची खोटी बातमी देतोय, म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, जास्त पेट्रोल सोडतोय, म्हणून प्लग काळे आणि ऑइलमध्ये पेट्रोल. साखळी इतकी सुरेख जुळली की मी तपासायचंच विसरलो. ६५० रुपयांचा सेन्सर मागवून बसवला. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन: दिवा लागला.

मग जे आधी करायचं ते नंतर केलं. गाडी रात्रभर गॅरेजबाहेर उभी ठेवली. सकाळी सेल्फ मारण्याआधी किल्ली ऑन करून ईसीयूकडचे आकडे वाचणारा स्कॅनर लावला. आत येणाऱ्या हवेचं तापमान १३ अंश, कूलंटचं १३ अंश. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत हे दोन आकडे जुळायलाच हवेत. जुना सेन्सर परत लावला, तोही १३. म्हणजे बिचारा पहिल्यापासून खरं बोलत होता. इंजिन खरोखरच थंड पडत होतं.

सात वाजता गाडी चालू करून न्यूट्रलला उभी ठेवली. दहा मिनिटांनी कूलंट ४६ अंशांवर. गावातून निघालो, द्वारका सर्कलच्या गर्दीत पोचेपर्यंत ६८. निळा दिवा केव्हाच विझला होता. तिथून मुंबई-आग्रा हायवेला ओझरच्या दिशेनं लागलो आणि ताशी ८०चा वेग धरला. ६४. ५९. आडगाव मागे पडलं तेव्हा ५४, आणि निळा दिवा टपकन लागला. गाडी कडेला घेऊन इंजिन चालूच ठेवलं. ५६, ५८, ६१, दिवा विझला. पळाली की थंड पडते, थांबली की गरम होते. वायरिंग लूज असतं तर दिवा असा वेग बघून लागला-विझला नसता. समोरून थंड वारा रेडिएटरवर बसतोय आणि इंजिनाचं पाणी अखंड त्यातून फिरतंय, याशिवाय दुसरा अर्थ निघत नव्हता.

हे स्कॅनरशिवायही कळतं, हाताला. थंड गाडी चालू करून रेडिएटरकडे जाणारा वरचा होज पाइप धरून बघायचा. इंजिन तापेपर्यंत रेडिएटरचा रस्ता बंद ठेवणारा एक वॉल्व असतो, थर्मोस्टॅट. या इंजिनासारखा तो पाणी बाहेर पडायच्या बाजूला असेल आणि ठीक असेल, तर पाइप बराच वेळ थंडगार राहतो आणि मग एकाएकी चटका बसेल इतका तापतो. तो क्षण म्हणजे वॉल्व उघडला. काकांच्या गाडीत पाइप दुसऱ्याच मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला, चटका कधी बसलाच नाही.

थर्मोस्टॅट ज्या एल्बोत, म्हणजे वळलेल्या तोंडात, बसतो त्याचे दोन बोल्ट पूर्वी खोलल्याचं पान्याच्या खुणांवरून दिसत होतं. ओ-रिंगच्या जागी करड्या सिलिकॉनचा जाड लेप. एल्बो काढला. आत काही नाही. नुसतं भोक.

काकांना बोलावून ते भोक दाखवलं, तेव्हा त्यांना मे महिना आठवला. कल्याणहून येताना कसारा घाटात एसी चालू, गाडीत पाच माणसं, लाल दिवा लागला आणि बॉनेटमधून वाफ निघाली. वर आल्यावर रस्त्याकडेच्या एका मेकॅनिकनं पाणी भरलं, वॉल्व काढून काकांच्या हातात दिला आणि म्हणाला, "हे बर्फाच्या देशातल्या गाड्यांसाठी असतं. आपल्याकडे काय काम?" काका म्हणाले, "मला पटलं. तेव्हापासून परत कधी तापली नाही." गाडी न तापणं हाच आजार असेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. आणि तो मेकॅनिकही एकटा नाही. घाटात बॉनेट उघडून कॅननं पाणी ओतलेल्या पिढ्यांनी गरम इंजिनाची इतकी धास्ती घेतली आहे की इंजिन जितकं थंड तितकं सुखी, हे गॅरेजागॅरेजातलं शास्त्र होऊन बसलंय.

त्या वॉल्वचं काम साधं आहे. पितळी डबीत मेण भरलेलं असतं. ठरलेल्या तापमानाला मेण वितळतं, फुगतं आणि दांडीला ढकलून झडप उघडतं. तोवर पाणी फक्त इंजिनात आणि हीटरच्या फेऱ्यात फिरतं, रेडिएटरचा रस्ता बंद. त्यामुळे थोडंसंच पाणी तापवावं लागतं आणि ते लवकर तापतं. पुढे वाऱ्यानं पाणी गार झालं की मेण आवळतं, झडप मिटत येते. पेट्रोल इंजिनाचं कूलंट साधारण ८५ ते १०० अंशांच्या आसपास ठेवायचं, पुण्यात असो की राजस्थानात की लेहला, एवढंच त्याला ठाऊक. बाहेर ४० अंश असले तरी ते ९०पेक्षा पन्नासने कमीच. म्हणजे मे महिन्याच्या नाशकातही वॉल्व नसेल तर इंजिन हायवेला हवं तितकं तापेलच याची खात्री नाही. शिवाय काही इंजिनांत या वॉल्वचं दुसरं टोक बायपासचा रस्ता बंद करतं. तिथं वॉल्व काढला तर गरम पाणी रेडिएटर टाळून परत इंजिनात जातं आणि गर्दीत गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापते!

आता ती साय. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. ऐकणाऱ्याला पटत नाही, पण थंडीत सकाळी सायलेन्सरमधून ठिबकणारे थेंब तेच. ते बहुतेक वाफ होऊन बाहेर जातं, पण पिस्टन रिंगांच्या फटीतून थोडी वाफ खाली ऑइलच्या चेंबरमध्येही उतरते. ऑइल गरम असेल तर ती तिथून उडते आणि पीसीव्ही वॉल्वच्या वाटेनं परत इंजिनात ओढली जाऊन बाहेर पडते. ऑइल कधी नीट तापलंच नाही तर ती झाकणासारख्या सगळ्यात थंड जागी दहिवरासारखी धरते आणि ऑइलमध्ये घुसळली जाते. पेट्रोलचंही तेच. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून ईसीयू जास्तीचं सोडतो. त्यातलं न जळलेलं सिलिंडरच्या भिंतीवरची ऑइलची फिल्म धुऊन खाली उतरतं. काकांचं 'वाढलेलं' ऑइल ते हेच. पाणी आणि पेट्रोल मिसळलेलं पातळ ऑइल बेअरिंगांना पुरतं सांभाळत नाही. सहा महिने हे चाललं होतं.

पण सगळा दोष वॉल्वच्या भोकावर टाकता येत नाही, कारण काकांची दिनचर्या त्याला जोडीला होती. रोज सकाळी पार्किंगमध्ये गाडी चालू करून दहा मिनिटं तापवायची, मग तीन किलोमीटरवर मंदिर आणि भाजी, परत घर. संध्याकाळी पुन्हा तसंच. ही सवय त्यांना जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीपासूनची. तेव्हा ती बरोबरच होती. कार्बोरेटरला तापमान कळत नसे, चोक ओढून धरायचा, इंजिन घरघर थांबवून एकसुरी होईस्तो वाट बघायची, नाहीतर पहिल्याच चढाला गाडी बंद. इंजेक्शनच्या गाडीत ते काम ईसीयू करतो. पहिल्या सेकंदांत आरपीएम हजार-बाराशेच्या वर नेतो आणि जसजसं कूलंट तापतं तसतसा सातशे-आठशेवर आणतो.

त्यात सीएनजीची मेख. गॅस सिलिंडरमधल्या २०० बारच्या दाबावरून रेड्युसरमध्ये, म्हणजे दाब कमी करणाऱ्या भागात, खाली येताना झपाट्यानं गार होतो. रेड्युसर गोठू नये म्हणून त्यातून इंजिनाचं गरम पाणी फिरवलेलं असतं, आणि पाणी पुरेसं तापल्याशिवाय किट गाडी पेट्रोलवरच ठेवतं. काकांच्या किटमध्ये हा आकडा ४५ अंश होता, शिवाय थोडी रेस वाढल्याशिवाय ते गॅस उचलत नव्हतं. थोडक्यात, पार्किंगमधली ती दहा मिनिटं निव्वळ पेट्रोलवर आणि तेही थंड इंजिनाच्या वाढीव मापानं. एका वेळी एकशेचाळीस-दीडशे मिली धरलं आणि दिवसातून दोनदा, तर महिन्याचे आठ-नऊ लिटर आपसूक जुळतात. काकांनी स्वतःच कागदावर हिशेब केला आणि काही वेळ बोलले नाहीत.

दुरुस्तीत शिकण्यासारखं फारसं नाही, एक गंमत सोडून. ८८ अंशांचा नवीन थर्मोस्टॅट आला तो बसवण्याआधी चहाच्या पातेल्यात उकळून बघितला. दोऱ्याला बांधून, बुडाला टेकणार नाही असा लोंबकळत, शेजारी थर्मामीटर. नवीन पार्टही खराब निघू शकतो म्हणून मी हे करतोच, पण खरं म्हणजे काकांना दाखवायचं होतं. ८० झाले, काही नाही. ८५, काही नाही. काका कंटाळून चष्मा पुसायला लागले. ८७ला झडपेच्या कडेला केसाएवढी फट पडली, ९०ला ती स्पष्ट दिसली, ९५ला करंगळीचं टोक जाईल इतकी. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर असल्यानं पाणी ९८च्या आसपासच उकळलं, पण तोवर दांडी बऱ्यापैकी बाहेर आली होती. गॅस बंद केला तशी झडप गुपचूप मिटली. "मेणबत्तीवर चालतं म्हण की," काका म्हणाले.

कसाऱ्यात गाडी का तापली, हा मूळ प्रश्न तसाच होता. उत्तर रेडिएटरच्या कॅपमध्ये सापडलं. तिचं रबर कडक होऊन चिरलेलं. ही कॅप पाण्यावर दाब धरून ठेवते. साधारण एक बार जास्तीच्या दाबाखाली साधं पाणीही १२० अंशांच्या आसपास उकळतं, दाब गेला की १००च्या आतच. घाटात पाणी उकळून बाहेर पडलं, पातळी घटली, गाडी तापली. कॅप दोन-अडीचशे रुपयांची. तिला कुणी हात लावला नाही आणि निर्दोष वॉल्वला मात्र फाशी झाली.

थर्मोस्टॅट, ओ-रिंग, कॅप, आतलं गंजाचं पाणी दोनदा धुऊन पन्नास टक्के कूलंट, हवा काढणं, ऑइल आणि फिल्टर, प्लग, मजुरी धरून ५,४०० रुपये. सेन्सरचे ६५० माझ्या खिशातून. स्कॅनरनं बिघाडाचा एकही कोड दाखवला नव्हता, हेही नमूद करतो. इंजिन ठरल्याप्रमाणे तापत नाही यासाठी पी०१२८ हा कोड आहे, पण या गाडीत तो पडला नव्हता. चेक इंजिनचा दिवा विझलेला म्हणजे सगळं आलबेल, असं समजू नये.

नंतर मी दोन सकाळी मोजमाप केलं, दोन्ही वेळा सुरुवात १३-१४ अंशांवरून, वॉल्व बसवलेल्या गाडीत. पहिल्या दिवशी नुसती उभी ठेवली. ८० अंश गाठायला साडेतेरा मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी चालू करून अर्ध्या मिनिटात निघालो, दोन-अडीच हजार आरपीएमच्या आत, हलक्या पायानं. अडीच मिनिटांत निळा दिवा गेला, सहाव्या मिनिटाला ८० पार. उभं इंजिन काही कामच करत नाही, थोडं पेट्रोल जाळतं, थोडी उष्णता करतं. आणि गिअरबॉक्सचं ऑइल, चाकांची बेअरिंगं, टायर हे तर उभ्या गाडीत तापतच नाहीत.

काकांना सांगितलं ते असं. सेल्फ मारा, पट्टा लावा, आरसा बघा, एवढ्यात ऑइलचा दाब सगळीकडे पोचलेला असतो. निघा. निळा दिवा विझेपर्यंत रेस जोरात देऊ नका. आणि दिवा विझला म्हणजे ऑइल तापलं असं नाही, ते कूलंटच्या मागून रमतगमत येतं, तेव्हा आणखी दहाएक मिनिटं दमानं घ्या. ५डब्ल्यू-३० ऑइलमधला ३० हा १०० अंशांवरचा घट्टपणा आहे. ४० अंशांवर तेच ऑइल पाच-सहापट घट्ट असतं, सकाळी १३वर तर त्याहून पुष्कळ जास्त. आठवड्यातून एकदा पंचवीसेक किलोमीटर गाडी सलग पळवा, म्हणजे आत साचलेली ओल उडेल. तळघरातल्या पार्किंगमध्ये तर गाडी तापवत उभी ठेवूच नका, तिथं कार्बन मोनॉक्साइड कोंडतो.

काकांनी लगेच ऐकलं असं नाही. "सकाळी उठल्याबरोबर माणूस तरी पळतो का?" हा त्यांचा मुद्दा. मी म्हटलं, काका, पळू नका, चालत निघा. अंथरुणात बसून अंग मोकळं होतं का? यावर काकू हसल्या, त्यामुळे वाद माझ्या बाजूनं मिटला.

फेब्रुवारीत गाडी पुन्हा पाहिली. पेट्रोल महिन्याला अडीच लिटरवर आलं होतं. किट दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला गॅस उचलत होतं. डिपस्टिक दोन खुणांच्या मध्ये, पेट्रोलचा वास नाही. निळा दिवा ओझरपर्यंत नेऊनही परत लागला नाही. झाकण उघडलं तर कडेला नखाएवढी साय अजून होतीच. काकांचा चेहरा पडला. तीन किलोमीटरच्या फेऱ्या आणि नाशकाची थंडी, एवढी राहणारच, फडक्यानं पुसून घ्या म्हटलं. रविवारी ते काकूंना घेऊन त्र्यंबकेश्वरला जाऊन आले आणि संध्याकाळी झाकणाचा फोटो पाठवला. आतून काळं, कोरडं.